आठ रुपयांचा स्वाभिमान

मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात विषय होता बेकार भत्ता. चर्चा रंगली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक पोरगा उठला. बी.ए. झालेला, दोन वर्षं घरी बसलेला. म्हणाला, "बेकार भत्ता मागणं म्हणजे भीक मागणं. आपल्या आज्यानं पाटलाच्या दारात भाकरीसाठी हात पसरला. बाबासाहेबांनी तो हात मागं घ्यायला शिकवलं. आता तोच हात सरकारपुढं पसरायचा का? आपल्याला काम पाहिजे, फुकटचा पैसा नको." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पोरगा पोटतिडकीनं बोलत होता.

घरी आलो आणि झोप लागेना. कारण असलंच एक भाषण मी स्वतः १९८३ साली केलेलं आहे. ते कुणापुढं केलं आणि नंतर काय झालं, हे त्या पोराला सांगायचं राहून गेलं. म्हणून हे लिहितोय.

तेव्हा मी कॉलेजात होतो. उन्हाळ्याच्या सुटीला गावी आलो होतो. गाव मराठवाड्यातलं, कोरडवाहू. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीनं ठराव केला होता, की मेलेलं ढोर ओढायचं नाही, येसकरकी करायची नाही, दारोदार भाकरी मागायची नाही. त्या ठरावापायी लोकांनी मार खाल्ला होता, वर्षवर्ष उपास काढले होते. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, ठराव करणाऱ्यातले पहिले. आणि त्या उन्हाळ्यात एका रात्री पाटलाचा बैल मेला, तो तात्यांनी ओढून नेला. कुणी बघू नये म्हणून अंधारात. बदल्यात दोन पायली ज्वारी.

सकाळी वस्तीला कळलं. संध्याकाळी विहारासमोर बैठक बसली. मी तरणा, शिकलेला, चार पुस्तकं वाचलेला. भर बैठकीत उभा राहिलो आणि तात्यांना बोललो. स्वाभिमान, गुलामगिरी, बाबासाहेबांशी बेइमानी, सगळे शब्द वापरले. तात्या मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "पोरा, तुझं समदं खरं हाय. पर ठरावाची भाकर व्हत न्हाई."

बैठकीनं त्यांना दंड केला. त्यानंतर तात्या माझ्याशी कधी मोकळेपणी बोलले नाहीत.

ते वारल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक कागद सापडला. रोजगार हमीवर काम मिळावं म्हणून केलेल्या अर्जाची नक्कल. वर तारीख, खाली तात्यांचा अंगठा. चुलतीला विचारलं, तर म्हणाली, तीन खेपा मारल्या होत्या. दर खेपेला एकच उत्तर, ५० माणसं जमली म्हणजे काम काढू. मी बोटांवर मोजलं. अर्जापासून बैल मेल्याच्या रात्रीपर्यंत २३ दिवस झाले होते.

आता कायदा बघा. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडायला, पाझर तलावाला, नालाबांधाला माणसांचा समुद्र लोटला होता. १९७३च्या मे महिन्यात जवळजवळ ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची योजना त्याच काळात उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर लागला, म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या मजुरीसाठी पैसा कापला जाऊ लागला. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यात साफ लिहिलं होतं, की काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम द्यायचं, आणि देता आलं नाही तर दिवसाला निदान १ रुपया बेकार भत्ता द्यायचा.

२३ वजा १५. आठ दिवसांचे ८ रुपये सरकारकडं तात्यांचे निघत होते. त्या ८ रुपयांत दोन पायली ज्वारी आली असती का, हे मला आज सांगता येणार नाही. पण ते हातात असते तर पाटलाच्या सांगाव्याला "न्हाई जमत" म्हणायला तात्यांना थोडी तरी जागा मिळाली असती. आणखी एक रात्र काढता आली असती. आम्ही मात्र त्यांच्याकडं स्वाभिमान मागितला आणि त्या स्वाभिमानाचा खर्च कोण देणार, हे विचारलंच नाही.

आता त्या पोराच्या मुद्द्याकडं येतो. तो मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. आपल्या लोकांना "देणं" या शब्दाची भीती आहे आणि ती इतिहासानं घातलेली आहे. महारकीचे बावन्न हक्क होते म्हणून गावगाडा आपल्याला सांगत आला. बेदरच्या बादशहाची कथा त्याला जोडलेली. काय हक्क होते? मेलेल्या ढोराचं कातडं, मढ्यावरचं कापड, खळ्यातलं सांडलेलं धान्य, दारोदारची शिळी भाकर. आणि शब्द कोणता वापरला? हक्क! आमचे म्हातारे त्या हक्कांसाठी आपसात भांडायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा त्यांना सरकारशी झगडावं लागलंच, पण वतनाला चिकटलेल्या आपल्याच माणसांनाही समजवावं लागलं. तुकडाभर जमीन आणि मूठभर बलुतं, त्याच्या बदल्यात रात्रंदिवस राबणूक. कामाला तास नाही, मोजमाप नाही, नाही म्हणायची सोय नाही. शेवटी १९५८ साली कायदा होऊन ही वतनं गेली.

म्हणजे "हक्क" म्हटलं की हक्क होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. प्रश्न असा आहे, की खरा हक्क आणि खोटा हक्क ओळखायचा कसा? दोन्हींत हातावर काहीतरी पडतंच. मी माझ्यापुरती एक कसोटी धरली आहे. घेतल्यानंतर देणाऱ्याच्या दारातून उठून जाता येतं का? बलुतं घेतलं की पाटलाच्या दाराशी आणखी घट्ट बांधलं जायचं. ते न मिळण्याच्या भीतीनंच माणूस वाकायचा. ज्या पैशामुळं माणूस पाटलाला, मुकादमाला, ठेकेदाराला नकार देऊ शकतो, तो पैसा हक्काचा. तो देताना सरकारी कारकून तोंड वाकडं करील, पण त्यानं त्याची भीक होत नाही.

नकाराची किंमत काय असते, हे आपल्या चळवळीइतकं कुणी मोजलेलं नाही. १९२७च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, हीन कामं सोडा, माणसासारखं राहा. गावोगाव लोकांनी ते सोडलं. त्यावर गावानं काय केलं? लाठ्या तर चालवल्याच, पण लाठीपेक्षा मोठं हत्यार बाहेर काढलं. बहिष्कार. शेतात मजुरी बंद, दुकानात मीठमिरची बंद, दळण बंद. मुंबई सरकारनं १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट कमिटीत बाबासाहेब सभासद होते. तिचा अहवाल १९३० साली आला. अस्पृश्य लोक हक्क बजावायला का धजत नाहीत, याचं कारण तिथं नोंदलेलं आहे. बहुतेक जण मजुरीला आणि जमिनीला स्पृश्यांवर अवलंबून, आणि स्पृश्य ते अवलंबणं शस्त्रासारखं वापरतात. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा २०१६च्या कायद्यानं गुन्हा ठरलेला आहे. चांगलं झालं. पण गुन्हा नोंदवून खटला उभा राहीपर्यंत चूल कशावर पेटवायची? बहिष्कार मोडायचा तर पोलीस पाहिजे, तसंच गावाबाहेरून येणारं, गावाच्या मर्जीवर नसलेलं उत्पन्नही पाहिजे.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे घटना समितीसाठी बाबासाहेबांनी जे निवेदन लिहिलं, त्यात हाच विचार आहे. बेकार माणसाला मूलभूत हक्कांची थोरवी सांगून उपयोग नाही, असं ते तिथं मांडतात. त्याच्यासमोर अशी नोकरी ठेवा, जिच्यात तासांचं बंधन नाही, संघटनेत जायला बंदी, बोलायला बंदी. उपाशी माणूस काय निवडील? हक्क कागदावर राहतील आणि तो नोकरी धरील. दोष त्याचा नाही. मी १९८३ साली तात्यांना दोष दिला, कारण हे पान मी परीक्षेसाठी वाचलं होतं, तात्यांसाठी वाचलं नव्हतं.

घटनेत यातलं काय उतरलं? कलम ४१. बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व यांत सरकारी मदतीचा हक्क, पण राज्याच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत. आणि कलम ३७ सांगतं, की ही तत्त्वं घेऊन कोर्टात जाता येणार नाही. म्हणजे ते खिशात ठेवायला रस्त्यावरचाच लढा लागतो.

आता "फुकट" या शब्दाकडं. बिनजमिनीच्या मजुराला गाव आळशी म्हणतं, विशेषतः उन्हाळ्यात. तो पिंपळाखाली बसलेला दिसतो. पण तो तिथं बसलेला असतो म्हणूनच मृग बरसल्यावर दुसऱ्या दिवशी पेरणीला माणूस सापडतो. सुगीला हाक मारली की हात जमतात. शेतमालकाला वर्षातले काही महिने मजूर पाहिजे, उरलेले महिने नको. पण त्या महिन्यांत त्यानं गाव सोडू नये, मरू नये, हेही पाहिजे. बैलाला मालक बारा महिने वैरण घालतो, काम असो नसो. बैल बसून खातो असं कुणी म्हणत नाही. माणसाचं मात्र काम संपलं की वैरण बंद. हे थांबून राहणं हीसुद्धा एक राबणूक आहे. तिची मजुरी कुणी कधी दिली नाही. भत्ता म्हणजे त्या थांबण्याचं बिल आहे.

आणि फुकट खाण्याचा हिशोब एकदा काढाच. मंदिराच्या इनामावर पिढ्या जगल्या, खोतीवर जगल्या, बापाच्या जमिनीवर, बंगल्याच्या भाड्यावर, बँकेच्या व्याजावर आजही जगतात. त्यांच्या हाताला घट्टे आहेत का, म्हणून कुणी तपासत नाही. घामाचं प्रमाणपत्र फक्त आपल्याकडं मागतात. "काम करून खा" हे वाक्य वाईट नाही. पण ते ज्याच्या तोंडून येतं त्याची थाळी आधी बघावी.

हा डाव फक्त आपल्याच मुलखातला नाही. अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, बेकारांना भत्ता मिळायची सोय झाली. पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांना मुख्यतः हीच दोन कामं मिळायची. असं का वगळलं, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण ज्या मळेवाल्याला कापूस वेचायला स्वस्त हात पाहिजे होते, त्याची मात्र सोय झाली, यात वाद नाही.

आपल्याकडं बघा. २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला. १५ दिवसांत काम नाही दिलं तर पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान चौथा हिस्सा, पुढं निदान निम्मा भत्ता. मात्र त्यात एक मेख होती. अकुशल कामाची मजुरी केंद्रानं द्यायची आणि भत्ता राज्याच्या तिजोरीतून. मग राज्याचा माणूस भत्ता कशाला कबूल करील? सोपी युक्ती होती. कामाची मागणी नोंदवायचीच नाही. अर्ज घ्यायचा, तारीख टाकायची नाही, पोच द्यायची नाही. पोच नाही म्हणजे १५ दिवस सुरूच होत नाहीत. तात्यांना तीन खेपा मारायला लावणारी जी अक्कल होती, ती कायदा बदलला तरी टेबलाच्या पलीकडं तशीच बसून राहिली.

२०२५च्या डिसेंबरात संसदेनं २००५च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. १०० दिवसांचे १२५ झाले म्हणून ढोल वाजले. पण त्याच कायद्यात पेरणी आणि काढणीच्या हंगामात मिळून वर्षातले ६० दिवसांपर्यंत सरकारी काम बंद ठेवायची तरतूद आहे. कारण काय, तर शेतीला मजूर मिळावेत. म्हणजे मजुराला भाव सांगायची ताकद ज्या दिवसांत असते, नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या हातातला दुसरा पर्याय काढून घ्यायचा. लहान शेतकऱ्याचीही अडचण आहे, हे मी नाकारत नाही. त्याच्या मालाला भाव नाही, तो मजुरी कुठून देईल? पण त्याच्या अडचणीचं उत्तर मालाच्या भावात शोधायला पाहिजे. ते मजुराच्या पोटात शोधलं, की बलुत्याचा हिशोब परत सुरू होतो.

मित्रांनो, आता आपल्या बाजूची भीतीही बोलू. भत्ता हे नवं वतन होईल का? होऊ शकतं. २०२४ साली महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १,५०० रुपये. तो नेमका बेकार भत्ता नाही, पण घरी रोख पैसा येण्याचाच प्रकार. आमच्या वस्तीतल्या बायकांच्या घरात त्या पैशानं तेलमीठ आलं, नातीची फी भरली गेली. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण योजनेचं नाव ऐका. भाऊ बहिणीला देतो ती ओवाळणी. ओवाळणी किती घालायची, घालायची की नाही, हे भावाच्या मर्जीवर. ती शासन निर्णयानं आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली, पुढच्या वर्षी छाननी लागली आणि कित्येक नावं गळली. बेकार पोरांसाठीही त्याच वर्षी प्रशिक्षणाची योजना निघाली. बारावीवाल्याला ६ हजार, पदविकेला ८, पदवीला १०. मुदत सहा महिने, मग वाढवून अकरा. मुदत संपली, पोरं परत पारावर. यातून देणाऱ्याला हात जोडायची सवय लागते. फोटोला नमस्कार करायची सवय लागते. म्हणून पैसा नाकारू नका, पण त्याला कायद्याचा कणा मागा. किती, किती दिवसांत, नाही दिला तर कुणी उत्तर द्यायचं, हे लिहिलेलं असेल तरच तो हक्क.

"काम द्या, भत्ता नको" अशीही एक घोषणा आपण देतो. घोषणा चांगली आहे, पण अर्धी आहे. काम देण्याची हमी सरकारनं मोडली तर त्याला दंड काय? भत्ता हाच तो दंड. दंड काढून टाका, हमीचा उपदेश होऊन जातो. आणि कोणतं काम, हेही विचारा. २०१३च्या कायद्यानं माणसाला साधनांशिवाय गटारात उतरवणं गुन्हा आहे, तरी माणसं उतरतात आणि गुदमरून मरतात. ती मरणारी माणसं कोण असतात, ते तुम्हाला माहीत आहे. कामाची हौस होती म्हणून ती उतरलेली नसतात. त्या दिवशी संध्याकाळच्या चुलीसाठी दुसरं काही नव्हतं, म्हणून उतरतात. त्यांच्या मेल्यानंतर आपण भरपाईसाठी मोर्चा काढतो. मरायच्या आधी त्यांना "नाही" म्हणता यावं, यासाठीही मोर्चा निघाला पाहिजे.

त्या पोराला मी एवढंच सांगीन. बाबा, तुझा हात पसरलेला नाही. तुझ्या आज्याच्या आणि आईच्या घामाचा पैसा या देशाच्या रस्त्यांत, धरणांत, कारखान्यांत अडकलेला आहे. त्याची थकबाकी मागायला हात पुढं करावाच लागतो. आणि तू बी.ए. आहेस. तुझ्या वस्तीतल्या प्रत्येक बिनकामाच्या माणसाचा कामाचा अर्ज तू लिही, दोन प्रतींत. एका प्रतीवर तारीख आणि सही घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नको. कारकून म्हणेल उद्या या, म्हणावं आम्ही बसतो. पंधरावा दिवस भिंतीवर कोळशानं लिहून ठेव. सोळाव्या दिवशी भत्त्याचा अर्ज घालायला सगळ्यांना घेऊन जा. भाषणापेक्षा हे काम कंटाळवाणं आहे, टाळ्या पडत नाहीत. पण एखाद्या तात्याची रात्र त्यानं टळेल.

आणि कुणी वाकलेला दिसला, तर त्याला बैठकीत उभा करण्याआधी त्याच्या घरातलं पीठ बघून ये. मी बघितलं नव्हतं.

तो कागद अजून माझ्याकडं आहे. तात्यांचे ८ रुपये सरकारकडं निघतात. त्यांची एक माफी माझ्याकडंही निघते, ती आता कुणाकडं पोचवायची?